रेडिओचे कंपाउंडर

वर्धा जिल्ह्यात आजवर जितके मूर्ख होऊन गेले त्यांची कोणी यादी केली, तर पहिल्या नंबरावर माझे मामेसासरे येतील आणि दुसऱ्यावर मी. पहिला नंबर त्यांचा, कारण विजेचं बटण दाबायच्या आधी पायात चप्पल आहे ना हे पाहणाऱ्या या माणसाने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रेडिओ दुरुस्तीचा धंदा काढला. दुसरा माझा, कारण तो धंदा त्यांना मी शिकवला. आणि मला तो येत नव्हता.

मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. पुलगावात आमच्या घराला लागून त्यांच्या दोन खोल्या. मधे अंगण एक, विहीर एक, आणि भांडणं दोन्ही घरांची मिळून. देश स्वतंत्र होऊन पाचसात वर्षं झाली होती, वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं, आणि मामाजी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. कंपाउंडर म्हणजे आतल्या खिडकीमागे बसून बाटलीत औषध भरणारा माणूस, पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते डॉक्टर हा फक्त चिठ्ठी लिहिण्यापुरता. रोगी बरा होतो तो खिडकीतून. लाल, पिवळं आणि पांढरं अशी तीन औषधं त्यांच्याजवळ असत. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून, तिला कात्रीने दातेरी खाचे पाडून ते डोसाच्या खुणा करत, आणि त्या खुणा इतक्या नेमक्या असत की रोगी मेला तरी डोस चुकत नसे.

म्हातारे डॉक्टर वारले आणि त्यांचा मुलगा नागपूरहून डिग्री घेऊन खुर्चीवर बसला. तिसऱ्याच दिवशी त्याने एका बाईला पांढरं औषध लिहून दिलं आणि मामाजींनी तिला लाल दिलं. पोराने बोलावून विचारलं, तर हे म्हणाले, "पांढरं तिले लागू पडत नाई, डाक्टरसाहेब. तिच्या मायलेही पडत नव्हतं. तुमी लंगोटात होते तवापासून मी या घराण्याले लाल देऊन राह्यलो." बाई बरी झाली आणि मामाजींची नोकरी गेली. बाई बरी झाली नसती तर कदाचित राहिली असती.

दसरा नुकताच झाला होता. मामाजींना मुलगा नाही, एकच लेक, ती अकोल्याला दिलेली. जावयाचं किराणा दुकान होतं. त्याने पत्र पाठवलं की मामामामींनी आता अकोल्याला येऊन राहावं, मामाजींनी दुकानात बसावं. पत्र चांगल्या मनाने लिहिलेलं होतं, पण ते वाचून दाखवताना मी पाहिलं, मामींनी भाकरी थापता थापता हात थांबवला. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत; आणि लग्नाला सहा वर्षं होऊन लेकीची कूस अजून उजवली नव्हती. मामी एकदा अकोल्याला गेल्या होत्या तेव्हा शेजारणीच्या घरचं पाणी पिऊन आल्या होत्या. दोन दिवसांपुरती शेजारीण चालते. जन्मभराला कुठली शेजारीण आणणार?

मामाजींनी जावयाला उलट टपाली कळवलं: पाडव्यापर्यंत थांबा. गुढीपाडव्याला आमच्या भागात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं, नवं लागतं. माणसाने काय करायचं ते त्या दिवशी ठरतं. तोवर इथे काही जमलं तर ठीक, नाही तर जावयाने येऊन दोघांना घेऊन जावं.

आता या सहा महिन्यांत कोणी शहाणा माणूस पिठाची गिरणी टाकेल, म्हैस घेईल. मामाजींनी दिल्लीहून टपालाने रेडिओ दुरुस्ती शिकवणारी पुस्तकं मागवली. वर्तमानपत्रात जाहिरात होती, 'घरबसल्या शिका'. घरी बसलेले ते होतेच. मामी म्हणाल्या, "तुमाले काय समजते जी रेडिओतलं?" तर ते म्हणाले, "माणसात काय हाय? गरमी, हवा आन आवाज. रेडिओत काय हाय? तेच हाय. उलट थो रडत नाई."

पुस्तकं आली आणि ती इंग्रजीत निघाली. अंगणात खाटेवर बसून मामाजींनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि मग साऱ्या घरादाराच्या देखत म्हणाले, "काई हरकत नाई. आपली सूनबाई मॅट्रिक हाय."

इथे माझी गोष्ट सांगणं भाग आहे, आणि ती सांगताना मला आजही त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मी मॅट्रिक नव्हते. मी मॅट्रिकला दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा उठले होते, आणि दोन्ही वेळा इंग्रजीनेच उठवलं होतं. पण लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी "मुलगी मॅट्रिकपर्यंत झाली" असं सांगितलं, त्यातला 'पर्यंत' सासरच्यांनी मांडवाबाहेर ठेवला, आणि मी तो आत घेतला नाही. नवरा गिरणीत कापड घडी करण्याच्या खात्यात, सातवी पास. सासूबाई पाहुण्यांना सांगत, "आमची सून इंग्रजी वाचते," आणि मी पदर कपाळावर ओढून, खाली मान घालून, गालातल्या गालात मोठेपणा चघळत असे. वय वर्षं एकोणीस. अक्कल त्याहून लहान.

तर मी पुस्तक घेतलं. इंग्रजी मला वाचता येई, फक्त कळत नसे. मी एक परिच्छेद खणखणीत आवाजात वाचत असे, सासूबाई समाधानाने मान डोलवत, मग मी पुस्तक मिटून, छताकडे बघून, अर्थ सांगत असे. अर्थ कुठून आणायचा? माझ्या आजीकडे बटवा होता, साऱ्या आळीला ती औषध देई. तिचंच ज्ञान मी रेडिओला लावलं. पहिल्या धड्याचा अर्थ मी सांगितला, "दुखणाईत रेडिओ आला की त्याला एक दिवस उपाशी ठेवावं. विजेची वायर काढून, कोपऱ्यात, वर पंचा टाकून." तापात लंघन, हे आजीचं पहिलं कलम. मामाजींचे डोळे भरून आले. म्हणाले, "पाह्य! दिल्लीवाल्याईलेही मालूम हाय." दुसऱ्या धड्यात मी पोट साफ करायला लावलं: कोंबडीच्या पिसाने आतली धूळ काढणे. तिसऱ्यात अंग चोळणे: आतले काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, एकेक उपसून, त्यांचे पाय फडक्याने पुसून, परत घट्ट बसवणे, त्याचं चित्रच होतं, म्हणून तेवढं खरं निघालं. आणि पुस्तकात जागोजागी चौकटी आखून जो मजकूर छापलेला होता तो मी सरळ सोडून देत असे. वर्तमानपत्रात चौकटीत जाहिराती असतात. मला वाटलं, याही त्याच.

आणि लोक येऊ लागले! रेडिओ बिघडला तर तो मांडीवर घेऊन आगगाडीने वर्ध्याला जावं लागे, त्यापेक्षा कंपाउंडर बरा. म्हाताऱ्या डॉक्टरांनी टाकून दिलेली, एका कानाची नळी तुटलेली स्टेथास्कोप मामाजींनी जपून ठेवली होती. ती रेडिओच्या छातीला लावून, डोळे मिटून, ते बोटांनी टकटक करत. नाचणगावचे एक पाटील आपला रेडिओ बैलगाडीत कडब्यावर निजवून घेऊन आले. मामाजींनी आधी त्यांची साक्ष काढली. "कधीपासून हाय?"

"चार रोज झाले."

"आवाज एकदम गेला का घोगरा होऊन गेला?"

"पैले घोगरा झाला, मंग खोकून राह्यला, मंग चूप."

"चुलीजवळ ठेवता?"

पाटलांनी मान खाली घातली. "थो वाचन का जी?"

"उद्या पाहू. आज त्याले कोणी तरास देजो नोको."

दोन दिवसांनी तो रेडिओ बोलू लागला, आणि मामाजींनी त्याच्या लाकडी कुशीवर दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवून दिली: सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा, भजनं चालतील, गाणी पंधरा दिवस नाही. पाटलांनी ते पथ्य पाळलं, एवढंच नव्हे तर सुनांनी सिलोनची गाणी लावली तर ते "अवो, त्याची तब्येत!" म्हणून धावत येत, असं नंतर कळलं. असे तेरा रेडिओ त्या हिवाळ्यात बरे झाले. आज मला कळतं की ते धुळीने आणि ढिल्या दिव्यांनीच आजारी होते आणि कोंबडीच्या पिसाने जगातले निम्मे रेडिओ बरे होतात. पण तेव्हा मला वाटलं, मला इंग्रजी येऊ लागलं.

होळी झाली आणि चौदावा रेडिओ आला. गावाबाहेरच्या दारूगोळ्याच्या डेपोत एक भांडारबाबू होते, दक्षिणेकडचे. आम्ही तेव्हा नर्मदेच्या वरच्या सगळ्यांना दिल्लीवाले आणि वर्धा नदीच्या खाली फार दूरच्या सगळ्यांना मद्रासी म्हणत असू. भूगोलातही मी यथातथाच होते. त्या बाबूंची बायको नुकती आली होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. नवरा दिवसभर डेपोत. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं घरात एकच कोणी होतं, तो रेडिओ, आणि तो मुका झाला होता. बाबू मामाजींना म्हणाले, "इसको ठीक कर दो मिस्त्री, तो हमारे क्वार्टरों के सब रेडिओ तुम्हारे पास." क्वार्टरांत ओळीने घरं होती आणि घरागणिक रेडिओ. पाडव्याला बारा दिवस उरले होते. मामाजींनी तो रेडिओ असा उचलला, जसा कोणी देव उचलावा.

एक दिवस उपास झाला. पोट साफ झालं. अंग चोळून झालं. दिवे तापून लाल होत, स्टेशन लागल्याची खूण करणारा पुढचा हिरवा डोळा उघडे, पण आवाज म्हणून नाही. मामाजींनी मला मुक्या रेडिओचा धडा काढायला लावला. मी वाचला आणि सांगितलं, "ऊब द्यावी." त्यांनी ऊब दिली. दुसऱ्या दिवशी मी तोच धडा वाचून सांगितलं, "थंड जागी ठेवावा." त्यांनी माठाशेजारी ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं तेव्हा ते बोलले एवढंच, "सूनबाई, नीट पाह्य. ओळ सुटली असन एखादी."

त्याच दुपारी मामी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती, नव्या कैऱ्यांची नव्हे, वर्षभर मुरलेली. "घे व पोरी," त्या म्हणाल्या, "आता हे मले काहाले पायजे? तिकडे पोळी त खाता येनार नाई, लोनचं कायच्याशी खाऊ?" आणि बरणी ठेवून, पेटी आवरायला निघून गेल्या. मी त्या बरणीकडे पाहत बसले. तोवर माझ्या मनात मामाजी म्हणजे गंमत होती. रात्री नवऱ्याला त्यांच्या नकला करून दाखवायची एक सोय. त्या बरणीने मला पहिल्यांदा कळलं की मी थट्टा करत होते ती मामींच्या ताटावर बसून.

मी अंगणात गेले, सासूबाई देवळात गेल्या आहेत ना ते पाहिलं (तेवढी अक्कल तेव्हाही होती), आणि मामाजींना म्हणाले, "मामाजी, मला इंग्रजी येत नाही."

त्यांना वाटलं, मला हा धडा येत नाही. मी म्हटलं, "हा नाही, कोणताच नाही. मी नापास आहे. दोनदा."

मामाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. "मंग थो उपास?"

"माझ्या आजीचा."

"आन कोंबडीचं पीस?"

"तेही."

"म्हणजे चार महिने मी तुह्या आजीच्या बटव्यावर रेडिओ सुधरवून राह्यलो?"

"हो."

"आन तेरा सुधरले?"

"हो."

मला वाटलं आता ओरडतील, घरात सांगतील, माझ्या बापाला बोलावणं जाईल. ते म्हणाले, "तुही आजी लय हुशार होती बाप्पा." आणि मग हळूच, मामींच्या खोलीकडे बघत, "हे कोणाले सांगजो नोको. आता इंग्रजी येनारं मानूस पाह्य."

गावात इंग्रजी येणारा पहिला माणूस तो तरुण डॉक्टर. त्याच्या पायरीवर मामाजी मेले तरी चढले नसते. दुसरे स्टेशनमास्तर, पण त्यांच्याच रेडिओवर गाण्यांचं पथ्य चालू असल्यामुळे ते आमच्यावर रागावलेले. तिसरं नाव मला सुचलं. भांडारबाबूंकडे रेडिओ आणायला गेलो तेव्हा ती बाई एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत होती, आणि वाचताना मधेच हसली होती. इंग्रजी वाचून हसू येतं, म्हणजे कळत असणार. मला तर रडूच येत असे.

दुसऱ्या दिवशी रेडिओ हातगाडीवर घालून आम्ही तिच्याकडे गेलो. ती माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी असेल. मी पुस्तक पुढे केलं. तिने पान उघडलं आणि मी चार महिने ओलांडून गेले होते ती चौकट आधी वाचली. तिचा चेहरा उतरला. तोडक्या हिंदीत म्हणाली, "ये पहले पढ़ना. पहले! वायर निकालो, बहुत देर रुको. अंदर बिजली बैठती है. हाथ लगाया, आदमी खतम." मी त्याचं मराठी केलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं भाषांतर. चार महिने मी या माणसाला मरणाच्या पेटीत हात घालायला लावत होते. मामाजी मात्र शांत. म्हणाले, "आपला त एक दिवस उपाशीच रायते. हे नवीन काय सांगून राह्यली?" माझ्या थापेनेच त्यांना वाचवलं होतं. याचं श्रेय घ्यायचं की तोंड लपवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग आम्ही तिघं जमिनीवर बसलो. ती इंग्रजी वाचून हिंदीत सांगे, मी हिंदीचं मराठी करी, आणि मामाजी हात चालवत. पुस्तकाने सांगितलं, आवाज नसला तर पोटापासून नव्हे, तोंडापासून सुरुवात करा. पुढचा कापडी पडदा सोडवला, तर आत आवाजाच्या कर्ण्याला जाणारी केसाएवढी तार उंदराने कुरतडलेली. आठ दिवस आम्ही त्याचं अंग चोळत होतो आणि त्याचा गळा कापलेला होता! मामाजींनी कथलाचा डाख देऊन तार सांधली. पंचवीस वर्षं पुड्या बांधलेला तो हात. डाख मोहरीएवढा, गोल, कुठे सांडलेला नाही. वायर लावली. दिवे तापले, हिरवा डोळा उघडला, आणि कोणी एक माणूस तिच्या भाषेत भराभर काहीतरी बोलू लागला. ती तोंडावर हात धरून ऐकत राहिली. मी विचारलं, "क्या बोलता है?" ती म्हणाली, "चावल का भाव." आणि रडली.

पाडव्याला जावई आला. ठरल्याप्रमाणे सकाळच्या गाडीने, बरोबर हमाल घेऊन. गुढीखाली ओसरीवर क्वार्टरांतून आलेले, पंचे टाकलेले सात रेडिओ ओळीने उपाशी बसले होते. त्याने ते पाहिले, आणि मग विचारलं, "सामान कुठी हाय?"

मामाजी म्हणाले, "हमालाले जाऊ द्या, जावईबापू. हातपाय धुवा. पान वाढून राह्यलो." मामींनी त्याला पुरणपोळीवर पोळी वाढली, इतकी की तो बिचारा नको नको म्हणत आडवा झाला. मला वाटतं त्यालाही हलकं वाटलं असावं. सासऱ्याला गल्ल्यावर बसवून हुकूम सोडणं जावयालाही जडच जातं. संध्याकाळच्या पॅसेंजरने तो एकटा परत गेला, आणि मामाजी त्याला स्टेशनवर पोचवून आले.

मी अंगणात होते. ते आले आणि घरात न जाता ओसरीच्या पायरीवर बसले. रेडिओकडे पाहिलंही नाही. मी पाणी आणून दिलं, तर मोहरीएवढा डाख देणाऱ्या त्या हातातून सगळं पाणी धोतरावर सांडलं.

"दमले का, मामाजी?"

"नाई व." ते रिकाम्या पेल्यात बघत म्हणाले. "तुही मामी थ्या घरी गेली असती न, त उपाशी मेली असती. पंधरा दिवसात. मले मालूम होतं. म्या कोणापाशी बोललो नाई."

सहा महिने मी त्यांच्या टकटकीला हसले होते, पट्ट्यांना हसले होते, स्टेथास्कोपला हसले होते. मूर्ख माणसाला भीती वाटत नसते, असा तेव्हा माझा पक्का समज होता. मी पदर सावरला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. सुनेने सासऱ्याच्या बरोबरीने बसू नये, अशी त्या काळी रीत होती. ते दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.